रेव्हिट ते ईटॅब्स: कडेच्या बीमचे नोड कॉलमला जुळत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी लातूरला आरसीसी डिझाइनचं काम करते. सध्या औशात तळमजला अधिक चार मजल्यांची रहिवासी इमारत हातात आहे. आर्किटेक्टचं मॉडेल रेव्हिट २०२४ या इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला त्यावरून अ‍ॅनालिटिकल मॉडेल (बीम-कॉलम नुसत्या रेषांनी दाखवणारं, हिशोबासाठीचं मॉडेल) काढून ईटॅब्स या स्ट्रक्चरल हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचंय.

बाहेरची भिंत आणि कॉलम एका ओळंब्यात हवेत म्हणून कडेचे सगळे बीम कॉलमच्या बाहेरच्या फेसला धरलेत. कॉलम ४५० मिमी, बीम २३०. म्हणजे दोघांच्या सेंटरलाइनमध्ये ११० मिमी अंतर. रेषा आपापल्या मध्यावर ठेवल्या तर नोड, म्हणजे दोन रेषा मिळतात तो बिंदू, जुळत नाही. टॉलरन्स (किती अंतरापर्यंतच्या रेषा जुळल्या असं धरायचं ती मर्यादा) वाढवला तर कडेचे बीम जुळतात, पण लिफ्टजवळचे दोन वेगळे बीम एकाच रेषेवर येऊन बसतात. जिन्याजवळ आणखी एक अडचण आहे: दुसऱ्या मजल्यावर कॉलम ७५० चा ६०० होतो, जिन्याकडची बाजू न हलवता. तिथे सेंटरलाइन ७५ मिमी सरकते आणि कॉलमची रेषा स्लॅबपाशी तुटते.

बीमची रेषा सरळ कॉलमच्या मध्यावर ओढून घ्या, असं बरेच जण सांगतात. नोड जुळेल, रनही होईल. पण दोन्ही बाजूंच्या बीमची मिळून रिअ‍ॅक्शन (कॉलमवर येणारा भार) १२० किलोन्यूटन धरली तर ११० मिमीमुळे १३.२ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट (कॉलम वाकवणारा परिणाम) येतो, तो हिशोबातून गायबच होतो. त्यावर उत्तर मिळतं की आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकातली ५ टक्के अ‍ॅक्सिडेंटल एक्सेंट्रिसिटी (वस्तुमान मध्यापासून थोडं सरकलेलं धरायची तरतूद) आहे ना. मला हे अजिबात पटत नाही. ती आख्ख्या मजल्याच्या वस्तुमानासाठी आहे. हा मोमेंट तर भूकंप नसतानाही रोज त्या कॉलमवर असणार.

किल्लारी याच औसा तालुक्यात. १९९३ च्या भूकंपाआधी हा भाग नकाशावर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. २००२ च्या आयएस १८९३ मध्ये तो तिसऱ्यात आला. इथल्या इमारतीत असं काही अंदाजावर सोडायची माझी तयारी नाही.

तर कडेच्या बीमना रेव्हिटमध्येच अ‍ॅनालिटिकल लिंक (दोन नोड जोडणारा दुवा) द्यावी, की ऑफसेट ईटॅब्समध्ये द्यावा? आणि जिन्याजवळच्या कॉलमचं काय करावं?

प्रतिसाद

ताई, नांदेडहून लिहितोय. टॉलरन्स आधी होता तेवढाच करा, त्याने दुखणं फक्त जागा बदलतं. रेव्हिटमध्ये बीमच्या अ‍ॅनालिटिकल रेषा कॉलमच्या मध्यावर आणि मजल्याच्या लेव्हलला घ्या. फिजिकल बीमला हात लावू नका, २०२३ पासून दोन्ही मॉडेल स्वतंत्रच आहेत. मग ईटॅब्समध्ये कडेचे बीम निवडून इन्सर्शन पॉइंटमध्ये (बीम आपल्या रेषेपासून कुठे बसतो ते ठरवणारी सेटिंग) ११० मिमीचा ऑफसेट द्या. तिथे ऑफसेटसाठी स्टिफनेस (बीमचा ताठपणा) ट्रान्सफॉर्म करू नका, अशा अर्थाची एक टिक असते. ती काढलेली हवी. नाहीतर बीम चित्रात सरकलेला दिसेल आणि मोमेंट शून्यच राहील.

गच्चीचे कॉलम वेगळे तपासा. मधल्या मजल्यावर तो मोमेंट खालच्या-वरच्या कॉलममध्ये वाटला जातो, गच्चीवर एकट्या खालच्या कॉलमला घ्यावा लागतो, आणि तिथे अ‍ॅक्सियल लोडही (कॉलमवरचा उभा भार) कमी असतो. माझ्या अनुभवात स्टील तिथेच वाढतं.

जिन्याजवळच्या कॉलमची रेषा खालपासून वरपर्यंत सलग एकच ठेवा. वरच्या कॉलमच्या अ‍ॅक्सियल लोडला ७५ मिमीने गुणून येणारा मोमेंट त्या स्लॅबच्या लेव्हलला नोडवर द्या, दिशा नीट बघून. रन झाल्यावर बेस रिअ‍ॅक्शनची (पायाशी येणाऱ्या भारांची) बेरीज हाताने काढलेल्या वजनाशी ताडून बघा.

धागाकर्ती

खूप आभार दादा. ती टिक बघितली, लागलेलीच होती. काढल्यावर कडेच्या कॉलममध्ये मोमेंट दिसतोय. एक राहिलं: आर्किटेक्टनी उद्या कॉलम सरकवला तर अ‍ॅनालिटिकल रेषा आपोआप हलणार नाही. दर बदलाला दोन्ही मॉडेल ताडून बघायची तुमची पद्धत काय आहे?