मदत हवी आहे: सस्पेन्सचा सीन एडिटवर सपाट पडतोय

रातकिडा
लोकहो प्लीज जरा लवकर सांगा, रविवारी रात्री फिल्म सबमिट करायचीय. थ्रिलर शॉर्टफिल्म आहे, मेन सीनमध्ये पुतणी काकाच्या खोलीत मृत्युपत्र शोधतेय आणि काका येतो. रश (शूट केलेलं कच्चं फुटेज) मस्त आहेत, दोघांनी कामं चांगली केलीयेत, पण एडिट केल्यावर टेन्शन शून्य. कट फास्ट केले, मग अजून फास्ट केले, खाली म्युझिक टाकलं, तरी बघणारा ढिम्म. अजून स्पीड वाढवू का?

फ्रेमवेडा
सीन केवढा? शॉट काय काय आहेत? नुसतं टेन्शन नाही म्हणून कसं कळणार.

बॅकअपभाऊ
एडिटिंग सॉफ्टवेअर कुठलं, प्रीमिअर का रिझॉल्व्ह? रॅम किती? फोर के फुटेज असेल तर आधी प्रॉक्सी (हलक्या साइजच्या कॉपी) बनवा, प्लेबॅक अडकत असेल तर कटची लय कळतच नाही. आणि प्रोजेक्टची कॉपी दुसऱ्या हार्डडिस्कवर ठेवा, सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल करप्ट झालेली बघितलीये मी.

रातकिडा
लॅपटॉपचा प्रॉब्लेम नाहीये हो. सीन २ मिनिटं ४० सेकंद. तिचे क्लोजअप, हाताचे इन्सर्ट (जवळून घेतलेले तुकडे), कपाट, किल्ली, अख्खी खोली दिसणारा एक वाइड. बास.

पेठेतली
काका येतोय हे प्रेक्षकाला कधी कळतं?

रातकिडा
तो दार उघडतो तेव्हा. दचकायला पाहिजे ना लोकांनी.

पेठेतली
मग अडलंय ते इथेच, स्पीडमध्ये नाही. सस्पेन्सचा बादशहा हिचकॉक, त्याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आठव, बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचं आश्चर्य, आणि प्रेक्षकाला तो आधीच माहीत असेल आणि टेबलावरच्यांना नसेल तर १५ मिनिटं सस्पेन्स. तुझ्या सीनमध्ये अडीच मिनिटं एक मुलगी कपाट उचकतेय एवढंच दिसतं, भीती कशाची वाटावी ते कुणी सांगितलेलंच नाही. काका परत येताना दाखव. काही शूट केलंय का?

रातकिडा
तो रिक्षातून उतरतो, बोळातून येतो, वाड्याचा जिना चढतो हे सगळं आहे की, पण ते सीनच्या आधी लावायचं म्हणून घेतलं होतं आणि लांबी वाढते म्हणून काढून टाकलं.

फ्रेमवेडा
अरे हे आधी सांगायचं ना!! सगळा सीन त्यातच आहे. क्रॉस कटिंग कर, म्हणजे दोन ठिकाणचं आलटून पालटून दाखव. हिचकॉकच्याच 'रिअर विंडो' (१९५४) मधला तो भाग परत बघ, लिसा खुनाचा संशय असलेल्या थॉरवल्डच्या घरात घुसलेली, तिचा मित्र जेफ पाय प्लास्टरमध्ये घालून समोरच्या खिडकीत बसलेला, थॉरवल्ड परत येताना त्याला दिसतो, आपल्याला दिसतो, तिला दिसत नाही. तुझाच सीन आहे तो. रिक्षा, मग ती, बोळ, मग ती, जिना, मग ती. त्याचे शॉट सुरुवातीला लांबून आणि निवांत ठेव, जवळ येईल तसे आखूड कर. आणि जिना खरा १० सेकंदांचा असला तरी पडद्यावर ३० सेकंद चालू दे, दर वेळी तिच्याकडे जाऊन परत आलं की कुणी पायऱ्या मोजत बसत नाही.

एकटेक
मला हे अजिबात पटत नाही. ऊठसूट क्रॉस कटिंग. कट केला की प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा मिळते. हिचकॉकच्याच 'रोप' (१९४८) मध्ये पेटीत प्रेत आहे, पाहुणे फ्रेमबाहेर गप्पा मारतायत आणि मोलकरीण पेटीवरचं सामान एकेक करून आवरतेय, पुस्तकं आत ठेवायला झाकण उघडायची वेळ येते, कॅमेरा तिथून हलत नाही. तुमच्याकडे वाइड आहे ना, तोच अख्खा ठेवा. इन्सर्ट बिन्सर्ट फेकून द्या.

फ्रेमवेडा
पण तिथेही पेटीत काय आहे हे आपल्याला आधी माहीत असतं म्हणूनच तो शॉट चालतो. आणि ते तसं ठरवून शूट केलेलं, इथे आहे त्या फुटेजमध्ये काम करायचंय.

एकटेक
माहिती आधी द्या यावर माझं भांडणच नाही, ती दिल्यावर सारखं कापू नका एवढंच म्हणतोय.

कानसेन
तुम्ही दोघं चित्रावर भांडताय आणि आवाजाबद्दल कुणी विचारलंच नाही. वाड्याचा जिना लाकडी आहे का? त्याचा आवाज रेकॉर्ड केलाय का?

रातकिडा
लाकडी आहे, भयंकर करकरतो. त्या आवाजामुळेच तर वरून म्युझिक टाकलं.

कानसेन
म्युझिक काढ!! आज, आत्ता. एकसुरी घूं घूं सुरू झाली की प्रेक्षक ओळखतो की आता काहीतरी होणार आणि सावरून बसतो. खोलीचा रूम टोन (रिकाम्या खोलीचा मूळ आवाज), कागदांची सळसळ, किल्ली, आणि जिना. शेवटच्या दोन फेऱ्यांत काकाचं चित्र दाखवूच नकोस, तिच्या चेहऱ्यावर राहा आणि खालून पायरी करकरू दे. 'जे कट' (J-cut, पुढच्या शॉटचा आवाज आधी, चित्र नंतर) म्हणून काकाचा आवाज आधी आण आणि चित्राची वेळ येईल तेव्हा ते देऊच नकोस.

एकटेक
हे बरोबर. आणि तिथे तो वाइड वापरा, न कापता.

जुनावाडा
वाडा कुठला आहे? आमच्या शनिवार पेठेतला मागच्या वर्षी पाडला. जिन्याचे आवाज जपून ठेवा हो, परत मिळायचे नाहीत.

चित्रकथी
थोडं वेगळं, पण मराठीत थ्रिलरच कमी का होतात? पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजांनी १९८९ चा 'परिंदा' एडिट केला, त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. असं काम करणारे आपल्या शेजारी घडतात आणि आपण...

पेठेतली
त्यासाठी वेगळा धागा काढा ना, याची रविवारची डेडलाइन आहे.

रातकिडा
रात्रभर बसून केलं. काका बोळापर्यंत आणि जिन्याच्या तळाशी दिसतो, नंतर फक्त आवाज, म्युझिक काढलं, शेवटी ३५ सेकंदांचा वाइड. सीन आता ३ मिनिटं १० सेकंद, लांब झाला तरी छोटा वाटतोय!! रूममेट उठून बसला बघताना. आता शेवट अडलाय. पायरी करकरायची थांबते, मग लगेच दार उघडू का, की तो दारापाशी येऊन परत जातो असं करू? तो मागे फिरतानाचाही शॉट आहे.

फ्रेमवेडा
परत जाऊ दे. अजून ताणता येईल.

पेठेतली
मला नाही वाटत. इतकं ताणून हाती काहीच लागलं नाही तर लोक चिडतील. हिचकॉकची दुसरी बाजूही बघ, 'सॅबोटाज' (१९३६) मध्ये पोरगा बसमधून बॉम्ब नेतो, तो खरंच फुटतो आणि पोरगा मरतो. प्रेक्षक चिडले, आणि हिचकॉक पुढे स्वतःच म्हणाला की ते चुकलं. सुटका कधी द्यायची हे ठरवावंच लागतं. तुझ्याकडे सुटका कुठली आहे, तिला मृत्युपत्र सापडतं का?

रातकिडा
हो, दार उघडायच्या जरा आधी.

पेठेतली
मग ते पायऱ्या थांबल्यानंतर सापडू दे. आवाज थांबला, ती कागद वाचतेय, आपण दाराकडे बघतोय, ती बघत नाहीये. तिथून कट न करता दार.

कानसेन
आणि दाराच्या कडीचा आवाज दार हलायच्या १० एक फ्रेम आधी ठेव.

रातकिडा
करून बघतो. जिन्याच्या शॉटमध्ये उजेड वेगळा आलाय, कलर मॅचसाठी दुसरा धागा काढतोय, तिकडे या.