‘पोलादाच्या शंभरपट मजबूत’ हे पालुपद आता पुरे

काजळी (धागाकर्ता): कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बन अणूंच्या षटकोनी जाळीची अतिसूक्ष्म नळी. तिच्यावरच्या प्रत्येक लेखात हे वाक्य असतंच. गणितातल्या निर्दोष नळीला ते शोभतं. २००० साली अमेरिकेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १९ बहुभिंती (एकात एक बसलेल्या) नळ्या ओढून तोडल्या. बाहेरच्या भिंतीची ताकद भरली ११ ते ६३ गिगापास्कल (क्षेत्रफळामागचा ताण मोजायचं एकक). इतकी तफावत कशानं? माझ्या मते दोषांनी. जाळीतून एखाददुसरा अणू गळला तरी पाव ताकद जाऊ शकते, असं सिम्युलेशन सांगतं. मोठं भोक पडलं तर विचारूच नका. दुधाची पिशवी नुसती ओढून फाटत नाही. कोपऱ्याला दातानं चीर पाडा, मग बघा.

सुंभ: पिशवी ठीक, पण सगळे दोष म्हणजे चीर नव्हे. स्टोन-वेल्स नावाच्या दोषात एकही अणू जात नाही. एक बंध ९० अंशांत फिरतो आणि चार षटकोनांचे दोन पंचकोन, दोन सप्तकोन होतात. आणि या नळ्यांचा कातलेला धागा म्हणाल तर तो बऱ्याचदा तुटतच नाही, सुटतो! काथ्याचा तंतू वीतभर, तरी पिळामुळे दोरी होते. इथं भिंती इतक्या गुळगुळीत की नळ्या एकमेकींवरून घसरतात.

काजळी: मी एकेकट्या नळीबद्दल बोलतोय, दोरीबद्दल नाही.

आम्लपित्त: पीएचडीत मी नळ्या नायट्रिक आम्लात उकळल्या आहेत, लोखंडाचा उत्प्रेरक काढायला. लोखंड जायचं, पण रामन आलेखात (लेझर प्रकाश टाकून काढतात तो) १३५० जवळचं, दोष दाखवणारं डी शिखर वर यायचं. गाईड पहिला प्रश्न विचारायचे, “डी बाय जी किती?” म्हणजे डी शिखर धड जाळीच्या जी शिखराच्या किती पट. माल साफ करतानाच आम्ही भोकं पाडत होतो. २००८ मध्ये रासायनिक प्रक्रिया टाळून केलेल्या मोजमापात सरासरी १०० गिगापास्कलच्या वर गेली, निर्दोष नळीच्या सुमारे ८० टक्के. काजळींना माझं एक मत.

सुंभ: अहो, तोच शोधनिबंध पुढे वाचा की! तशाच नळ्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला, म्हणजे मुद्दाम दोष पाडले. १८०० सेकंदांनंतर पेलणारा भार ११.६ पट.

काजळी: भार! ताकद नव्हे. आधी बाहेरची भिंत तुटायची आणि आतल्या म्यानातून तलवार निघावी तशा सरकायच्या. माऱ्यानं भिंती एकमेकींना सांधल्या गेल्या, जास्त भिंतींनी ओझं वाटून घेतलं. त्यानं एकेका भिंतीची ताकद वाढली असं होत नाही.

नवखा_७: मग अंतराळ लिफ्टचं, म्हणजे जमिनीपासून अंतराळापर्यंत ताणायच्या दोराचं काय?

आम्लपित्त: दोर जितका लांब, तितकी कुठेतरी मोठा दोष असण्याची शक्यता जास्त. पुन्यो या इटालियन संशोधकानं २००६ मध्ये हिशेब मांडला होता: खऱ्या, सदोष दोरात सैद्धांतिक ताकदीच्या निदान ७० टक्के कमी धरा.

सुंभ: काजळी, दोरीवाल्याला गिऱ्हाईक गिगापास्कल विचारत नाही, ‘किती ओझं पेलेल’ विचारतं. तुम्ही त्या मारा खाल्लेल्या नळीचे दोष मोजत बसा, मी तिलाच लटकतो.