कंबरेतून पायात उतरणारी कळ : नेमकं काय केलं की उतार पडतो?

निवडुंग
माळा आवरताना जुना कमरेचा पट्टा हाती लागला. आतल्या पट्ट्या वाकलेल्या, वेल्क्रो गेलेलं. ते दिवस आठवले, म्हणून धागा काढतेय. इथे बऱ्याच जणांचं एल४-एल५ किंवा एल५-एस१ (कंबरेच्या अगदी खालच्या मणक्यांमधल्या जागा) दुखून झालंय, काहींचं तर कामच हे. तेव्हा नुसतं "व्यायाम करा" नको. किती वेळा, किती वेळ, कशाने बिघडतं ते लिहा.

पट्ट्यापासून सुरुवात करते. प्रवास किंवा उभ्याने काम असेल तर दोन-तीन तास बांधा, झोपताना काढा. दिवसभर बांधून ठेवला की हालचाल कमी होते आणि सगळी भिस्त पट्ट्यावरच राहते.

फिजिओताई
पायातली कळ कुठवर जाते ते आधी बघा. पालथं पडून २ मिनिटं. मग कोपरांवर २ मिनिटं. मग तळहातांवर जोर देऊन छाती वर, कंबर गादीवर सैल, असं १० वेळा. दिवसातून ५-६ फेऱ्या. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कुल्ल्यात अशी वर सरकत आली तर कंबर थोडी जास्त दुखली तरी काम बरोबर चाललंय. कळ खाली पावलाकडे जायला लागली की तिथेच थांबायचं. याला मॅकेन्झी पद्धत म्हणतात, मॅकेन्झी न्यूझीलंडचे फिजिओ होते.

चुकतं कुठे? कुल्ले आवळून धरतात, श्वास रोखतात, आणि व्यायाम संपला की लगेच सोफ्यात पाठ गोल करून मोबाईल.

ताकभात
ताई, हे सगळ्यांना नाही हं चालत. साठीच्या पुढचं माणूस, चाललं की दोन्ही पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं, मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून तासभर फिरतं. तिथे मणक्याची नळी अरुंद झालेली असते. त्यांना मागे वाकवलं की वाढतं. पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी, आणि जागेवरची सायकल.

फिजिओताई
अगदी बरोबर. लिहायचं राहिलंच.

कंदील
एमआरआयमधला "डिस्क बल्ज" (मणक्यांमधली गादी बाहेर फुगणं) वाचून घाबरू नका प्लीज. ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली आला. विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत बल्ज होता. रिपोर्ट पायाशी जुळतो का, ते महत्त्वाचं. टाचांवर १० पावलं चाला. पाऊल खाली पडतंय, अंगठा वर उचलत नाही, तर बहुतेक एल५ ची नस दबलीय. एका पायाच्या चवड्यावर १० वेळा उठता येत नाही, तर एस१ ची. दर दोन दिवसांनी करून बघा, ताकद कमी होत असेल तर वाट पाहू नका.

दोन वाट्या
कटिबस्ती (कंबरेवर पिठाचं पाळं करून त्यात कोमट तेल धरणं) घरी कुणी करतं का? उडदाच्या पिठाचं पाळं फुटून तेल चादरीवर येतं.

सुंठ
पीठ सैल होतंय तुमचं. पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा, १५ मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवा. पाळं कंबरेवर बसवलं की ओल्या बोटाने आतून आणि बाहेरून कड दाबून घ्यायची, आतली आधी. तेल कोमट, मनगटावर थेंब टाकून बघा. वाटी गरम पाण्यात ठेवायची, थेट गॅसवर नको. गार झालेलं कापसाने उचलून कोमट घाला, असं अर्धा तास. मधुमेह असेल किंवा कातडी बधिर असेल तर करूच नका, भाजलेलं कळत नाही. स्नायू सैल होतात, झोप लागते, एवढं मिळतं. सरकलेली गादी त्याने आत जात नाही.

दोन वाट्या
तेच पाळं दुसऱ्या दिवशी चालेल?

सुंठ
नाही, तेल मुरलं की धड चिकटत नाही.

पायवाट
गोळ्यांचं लिहिते, पोळ्या करता करता. दाह कमी करणारी गोळी जेवणानंतर, थोडेच दिवस. किडनी, अल्सर, रक्तदाब असेल तर विचारल्याशिवाय नाही. प्रेगाबालिन ही नसेच्या दुखण्याची गोळी सर्रास ७५ मिग्रॅ रात्री देतात. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सायटिकासाठी (हीच पायात उतरणारी कळ) ती औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आली. पण चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा. आणि दोन्ही तळव्यांना सारख्या मुंग्या असतील तर बी१२ आणि साखर तपासा. शाकाहारी आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांत बी१२ कमी निघतं, खापर मात्र मणक्यावर.

एसटीचा थांबा
एसटीत दोन चाकांच्या मधली सीट घ्या. मागच्या बाकावर खड्ड्यागणिक कंबर आपटते.

माळरान
इंजेक्शनबद्दल. एपिड्यूरलने (मणक्यात नसांजवळ देतात ते इंजेक्शन) पायाची कळ काही आठवडे कमी होते, तेवढ्यात चालणं वाढवून घ्यायचं. मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते, रोज मोजा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा.

ऑपरेशन पायाच्या कळीसाठी असतं, नुसत्या कंबरदुखीसाठी नाही. बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत आपोआप उतार पडतो, गादीचा बाहेर आलेला तुकडा शरीर जिरवतंसुद्धा. हॉलंडमध्ये २८३ रुग्णांवरच्या २००७ च्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गट सारखेच. कळ सहन होत नसेल तर लवकर करणं चूक नाही, एवढाच अर्थ.

कंदील
हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. लघवी अडकणं किंवा कळेनाशी होणं, संडासवर ताबा जाणं, खोगिरावर टेकतो तेवढा भाग बधिर होणं : त्याच रात्री न्यूरोसर्जन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात. सकाळ होऊ द्यायची नाही. रात्रीची दुखणी, बारीक ताप, वजन उतरणं असेल तर मणक्याचा क्षय तपासा, आपल्याकडे तो खूप आहे. आणि अशा कुणालाही हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका, काकुळतीने सांगतेय.

निवडुंग
कंदील, हे वर चिकटवायला सांगते. माझी शंका साधी आहे, कपडे वाळत घालताना कळ येते.

ताकभात
बादली स्टुलावर ठेव गं. एकेका कपड्यासाठी खाली वाकणं आणि वळणं एकदम होतं, तेच नडतं. चादर दोघींनी पिळा. शिंक आली तर गुडघे मोडून एक हात भिंतीवर.

दोन वाट्या
आणि उठताना कुशीवर वळून, आधी पाय खाली सोडायचे. पाळं जमलं बरं का, आज तेल गळलं नाही.