हिवाळ्यात ग्रीनवरील गवत वाचवण्यासाठी आच्छादन पुरेसे आहे का?

तृणपाल (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. ज्या गोल्फ मैदानाची देखभाल माझ्याकडे आहे, तेथील ग्रीनवर, म्हणजे चेंडूच्या छिद्राभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, क्रीपिंग बेंटग्रास आणि पोआ ॲनुआ यांचे मिश्र गवत आहे. हिवाळ्यात बर्फ पडतो, पण तो सलग टिकत नाही. मध्येच उबदार दिवस येतात, बर्फ वितळतो आणि रात्री सारे पुन्हा गोठते. मागच्या हिवाळ्यानंतर सखल भागातील ग्रीनवर पोआचे मोठे पट्टे मेलेले आढळले, तर उंचावरील, वाऱ्याच्या तोंडावर असलेल्या ग्रीनचे गवत वाळून पेंढ्यासारखे झाले होते. यंदा सर्व ग्रीन पाणी न झिरपणाऱ्या आच्छादनाने झाकावेत, असा व्यवस्थापन समितीचा आग्रह आहे. हा उपाय दोन्ही ठिकाणी लागू पडेल का आणि त्याआधी कोणती तयारी करावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

हरितपट्टा

आपण वर्णन केलेली हानी दोन निरनिराळ्या कारणांनी झालेली दिसते, त्यामुळे दोन्हींवर एकच उपाय करणे मला योग्य वाटत नाही.

आधी सखल ग्रीनविषयी. गवताचा जीव त्याच्या क्राउनमध्ये, म्हणजे पाती आणि मुळे जेथे जुळतात त्या बारीक गाठीत असतो. शरद ऋतूत तापमान हळूहळू उतरते, तसे क्राउनमधील पाणी कमी होते, साखर साठते आणि गवत थंडीला काटक बनते. हिवाळ्याच्या उत्तरार्धात चार उबदार दिवस आले की पोआ बेंटग्रासच्या आधी जागे होते आणि भोवती साचलेले पाणी शोषून घेते. त्यानंतर पारा एकाएकी गोठणबिंदूच्या बराच खाली गेला, तर क्राउनमधील पाण्याचे बर्फ होते आणि पेशी फाटतात. म्हणजे हे गवत केवळ थंडीने मेलेले नाही, साचलेल्या पाण्याने थंडीला वाट करून दिली.

म्हणूनच आच्छादनाच्या खर्चाआधी पृष्ठभागावरील निचरा पाहावा. जोरदार पावसानंतर ग्रीनच्या कडेला गुडघे टेकून बसावे आणि पाणी नेमके कोठे थबकते ते पाहावे. वर्षानुवर्षे टॉपड्रेसिंगची, म्हणजे गवतावर वरून पसरलेली, वाळू कॉलरमध्ये (ग्रीनभोवतीच्या कडेच्या पट्ट्यात) साचत जाते आणि ती कड बांधासारखी उंच होते. वरून पाहताना ती लक्षातही येत नाही, पण बर्फ वितळल्यावरचे पाणी तिच्यामागे अडून राहते. जमीन गोठण्यापूर्वी अशा जागी कॉलरमधून गवताची अरुंद पट्टी उचलून उथळ चर काढावा, उचललेली लादी ओलसर जागी जपून ठेवावी आणि हंगाम सुरू होताना पुन्हा बसवावी. चर ग्रीनच्या बाहेर पुरेसा लांब न्यावा, नाहीतर पाणी कडेलाच गोठून वाट बुजते.

उंचावरील ग्रीनचे दुखणे याच्या उलट आहे. तेथे जमीन गोठलेली असल्याने मुळांना पाणी घेता येत नाही आणि कोरडा वारा मात्र पात्यांतील ओलावा ओढून नेतो. गवताची वाढ पूर्ण थांबल्यावर तेथे वाळूचा जाड थर द्यावा. क्राउन झाकले जावेत आणि पात्यांची टोके तेवढी दिसावीत, इतपत तो असावा. त्यावर हवा आणि पाणी खेळू देणारे सच्छिद्र आच्छादन पुरते. बर्फाविना कोरडा काळ लांबला, तर पृष्ठभाग वितळलेला असेल अशा दिवशी टाकीने हलके पाणी द्यावे.

पाणी न झिरपणारे आच्छादन सखल ग्रीनवर उपयोगी पडू शकते, कारण ते वितळलेले पाणी क्राउनपर्यंत पोहोचू देत नाही. परंतु उताराच्या वरच्या बाजूने पाणी कडेखाली शिरले, तर ते तेथेच कोंडले जाते. शिवाय दीर्घकाळ हवा बंद राहिल्याने गवत गुदमरते. त्यामुळे कडा पक्क्या दाबाव्यात आणि हवा खेळती ठेवण्याची सोय करावी.

शिशिर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र बुरशीचा मुद्दा राहिला. गुलाबी स्नो मोल्ड या बुरशीला बर्फाची गरज नसते, थंड ओलावा त्याला पुरतो. करड्या स्नो मोल्डला मात्र दीर्घकाळ टिकलेले बर्फाचे आवरण लागते. एकदा आच्छादन घातले की फवारणी करता येत नाही, म्हणून आपल्या भागात मान्यता असलेले बुरशीनाशक लेबलवरील प्रमाणानुसार आधीच फवारावे. शरद ऋतूत कापणीची उंची थोडी वाढवावी, म्हणजे अधिक पात्यांमुळे साखर साठवायला वाव मिळतो. गवत काटक होण्याच्या काळात नत्राची मोठी मात्रा देऊन कोवळी वाढ मात्र होऊ देऊ नये.

तृणपाल

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कॉलरची पाहणी लगेच हाती घेतो. आणखी एक शंका आहे: ग्रीनवर घट्ट, काचेसारखा बर्फ जमल्यास तो फोडावा की राहू द्यावा?

हरितपट्टा

घाई करू नये, पण दिवस मात्र मोजावेत. बर्फ जमला ती तारीख नोंदवहीत लिहून ठेवा. बर्फाखाली मुळे आणि मातीतील सूक्ष्मजीव श्वसन करत राहतात, प्राणवायू संपतो आणि विषारी वायू साचतात; बर्फ फोडल्यावर कुजका, आंबूस वास आला तर हीच प्रक्रिया सुरू झाल्याचे समजावे. बेंटग्रास अशा स्थितीत साधारण 120 दिवस तग धरू शकते, पोआ मात्र 45 ते 90 दिवसांत दगावू लागते. आपल्या ग्रीनवर दोन्ही असल्यामुळे महिना उलटला की मी विचार सुरू करीन.

फोडायचेच झाले, तर कुदळीचे घाव घालू नयेत, कारण क्राउन बर्फाला चिकटून उपटले जातात. उबदार, सूर्यप्रकाशाचे दिवस येत असतील तेव्हा बर्फावर काळी वाळू पातळ पसरावी. ती ऊन शोषते आणि बर्फ सच्छिद्र होतो. मात्र पाणी वाहून जायला चर मोकळे असतील तरच हे करावे, अन्यथा तेच पाणी रात्री पुन्हा गोठेल आणि क्राउनची हानी आपणच ओढवून घेऊ.

हिवाळ्याच्या अखेरीस संशयित जागांवरून मातीसकट लहान गोल तुकडे कापून उबदार, उजेडाच्या खोलीत ठेवावेत आणि पाणी देत राहावे. दोन-तीन आठवड्यांत हिरवे कोंब किती फुटतात, यावरून पुनर्पेरणीसाठी बियाणे किती लागेल याचा अंदाज येतो आणि समितीलाही हंगामाच्या तारखेविषयी वेळेत सांगता येते.