उन्हाळ्यात विदर्भाचं घड्याळ तासभर पुढे न्यावं का?

पूर्णाकाठचा
माझा भाचा जर्मनीत असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे रात्री दोनचे एकदम तीन वाजवतात आणि ऑक्टोबरच्या शेवटी तो तास परत घेतात. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, कोळसा वाचवायला ही पद्धत तिथे सुरू झाली. आपल्या देशातही १९४२ ते १९४५ या युद्धकाळात घड्याळ तासभर पुढे होतं.

मला वाटतं, एप्रिल ते जून एवढ्यापुरतं विदर्भात हे करावं. मे महिन्यात आमच्याकडे पावणेसहाला सूर्य उगवतो. बँक, तहसील, पंचायत समिती उघडेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. सातबाऱ्याच्या कामासाठी म्हातारी माणसं पंचेचाळीस डिग्रीत तालुक्याला जातात. गारव्याचे दोन-अडीच तास आपण रोज फुकट घालवतो.

गुरुजी, दिग्रसकडचे
साफ विरोध. बर्लिनमध्ये उन्हाळ्यातला मोठा दिवस जवळपास सतरा तासांचा आणि हिवाळ्यातला छोटा पावणेआठ तासांचा असतो. तिथे सरकवायला उजेड आहे. नागपूरचा मोठा दिवस साडेतेरा तासांहून किंचित कमी, छोटा अकराच्या आसपास. फरक जेमतेम अडीच तासांचा.

दुसरं म्हणजे झोप. मेमध्ये टिनाचं छप्पर रात्री अकरापर्यंत निवत नाही. अंगणात खाटा टाकल्या तरी पोरं या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतात. झोप लागते ती साडेअकरानंतर. उठायची वेळ घड्याळ ठरवतं, पण झोपायची वेळ उकाडा ठरवतो. सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला अर्धा वर्ग बाकावर डोकं ठेवून असतो, हे मी दर वर्षी बघतो. त्यात अजून तासभर कापायचा? शासनानं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, ते झोपेपायीच.

पूर्णाकाठचा
गुरुजी, सकाळची शाळा म्हणजे तासभर पुढे नेलेलं घड्याळच आहे, फक्त अर्धवट. शाळा सातला भरते, पण बाजूच्या गावची एसटी साडेसातला येते. दवाखान्याची ओपीडी आपल्या वेळेवर, बँक आपल्या वेळेवर. सगळं एकत्र सरकलं तर ही ओढाताण राहणार नाही, एवढंच म्हणणं आहे.

वावरवाली
भाऊ, तुम्ही कायले घड्याळाच्या मांगं लागले? आमच्या गावात उन्हाळ्यात घड्याळ पाहून वावरात कोनी जात नाई. मोहफुलं येचाले बाया अंधारातच निंघतात. फुलं रातभर पडतात, उशीर केला का ढोरं खाऊन जातात. तेंदूपत्त्याचंबी तसंच, ऊन चढाच्या आत पुडके बांधून मोकळं व्हा लागते.

शाळा, हापिस सारं तासभर अगोदर केलं त डब्बे कोन करन? चारले उठनारी बाई तीनले उठन. अन् रातचा सैपाक, भांडे, पानी, हे काई तासभर आंधी होत नाई. तुमच्या घड्याळातला तो तास बाईच्या झोपेतून जाते, हे लिहून ठेवा.

सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र
वावरवाली ताईंशी पूर्ण सहमत. शरीराच्या आतल्या घड्याळावरच्या संशोधनाला २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे घड्याळ भिंतीवरचे काटे बघत नाही, डोळ्यांत शिरणारा उजेड बघतं. तिकडे वसंतात तास पुढे नेला की पुढच्या काही दिवसांत हृदयविकाराचे झटके थोडे वाढलेले आढळले आहेत. युरोपियन संसदेनं २०१९ मध्ये ही पद्धत बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं, पण देशांचं एकमत न झाल्यानं ती चालूच आहे.

पण मला बोलायचंय ते पंपाच्या विजेबद्दल. युरोपात वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं म्हणून एवढी चर्चा होते. आमच्या भागात ते ठरावीक दिवसांनी बदलतं. काही दिवस लाइन दिवसा, मग पाळी फिरली की रात्री. हरभऱ्याच्या, गव्हाच्या ओलितासाठी डिसेंबरच्या थंडीत माणूस रात्री बाराला वावरात जातो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, पाय घोट्याएवढ्या चिखलात. एक सरी भरली की तिचं तोंड बुजवायचं, दुसरीचं फोडायचं, पहाटेपर्यंत. साप, रानडुकरं वेगळीच. दिवसा कामं असतातच, म्हणून झोप नाही. बीपीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्यांना मी "झोप किती?" विचारते, तेव्हा बरेच जण उलट मलाच विचारतात, "लाइन कधीची ते सांगा आधी." शरीराला दिवस-रात्र कळेनाशी करायची याहून खात्रीची पद्धत नाही. दिवसा वीज द्या. काटे कुठेही ठेवा.

झाडीपट्टी
मी घड्याळ पुढे न्यायच्या बाजूचा, पण हिवाळ्यात! आपली वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली आहे. एका अंशाला चार मिनिटं. बुलढाणा आणि गोंदिया यांच्यात चार अंश, म्हणजे सोळा मिनिटांचा फरक. पूर्वेला सूर्य तेवढा आधी मावळतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नोव्हेंबरच्या शेवटी साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. शाळा पाचला सुटते. पाच-सहा किलोमीटर सायकलनं जाणाऱ्या पोरी जंगलातल्या रस्त्यावर असतात तेव्हाच अंधार पडतो. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघ आहेत, हे मी सांगायला नको. आईबाप पोरीची शाळा बंद करतात ते या अर्ध्या तासापायी.

गुरुजी, दिग्रसकडचे
हे मात्र पटलं. पण त्यासाठी घड्याळ कशाला? साडेनऊला भरवा, चारला सोडा. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या.

झाडीपट्टी
तुम्ही म्हणालात तसा ठराव घेतला, गुरुजी. शाळा चारला सुटायला लागली. पण एसटी पाचचीच राहिली, आणि ज्या पोरींकडे सायकल नाही त्या थांब्यावर तासभर बसून राहतात. पूर्णाकाठचे भाऊ म्हणतात तसं, सगळं एकत्र सरकत नाही तोवर एकट्या शाळेनं सरकून भागत नाही.

पूर्णाकाठचा
मग एप्रिल-जूनचा माझा हट्ट बाजूला ठेवतो, कारण झोपेचं आणि ताईंच्या तासाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण एकत्र सरकण्याचा मुद्दा सोडत नाही. शाळा, एसटी आणि पंपाची लाइन या तिघांच्या वेळा तालुक्यात एका बैठकीत, एकाच दिवशी ठराव्यात. आमच्या आमसभेत मी हे मांडणार आहे. सिस्टर, तुम्ही रात्रीच्या ओलिताचं लिहून द्याल का?