सहा मीटरच्या गल्लीत रात्री गाड्या दोन्ही बाजूंना लावू द्याव्यात का?

गल्लीनकाशा: अजिबात नाही. आरसे आणि भिंतीपासूनचं अंतर धरून एक मोटार दोन मीटर खाते. दोन्हीकडे लावल्या की मधे उरतात दोन मीटर, आणि अग्निशमनाचा बंब अडीच मीटर रुंद असतो. रात्री १० ते सकाळी ७ एकच बाजू ठेवा. कोपरेही मोकळे हवेत, कारण वळताना बंबाची मागची चाकं आत कापतात. तिथे एक स्कूटर उभी असली तरी बंब अडकतो.

जुना वाडा: एक बाजू म्हणजे सम-विषमच ना? मग मध्यरात्री तारीख बदलते आणि रात्री ९ला नियमात लावलेली गाडी १२ वाजता नियमाबाहेर जाते! शिवाय पार्किंगच नसलेल्या जुन्या इमारतींच्या गाड्या शेजारच्या फुटपाथवर चढतील. आधी मंडईचे, कार्यालयांचे रात्री रिकामे पडणारे वाहनतळ उघडा, मग पावत्या फाडा.

चाकोरी: फुटपाथची भीती घालून आग विझत नाही. जपानने १९६२मध्येच कायदा केला. घरापासून २ किमीच्या आत जागा दाखवल्याशिवाय मोटारीची नोंदणी नाही आणि रात्री रस्त्यावर सलग ८ तास गाडी ठेवणं गुन्हा. आपल्याकडे २०२५मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक जागेशिवाय नोंदणी नाही एवढंच म्हणाले, तर केवढी ओरड झाली.

जुना वाडा: तिथे जागा पोलीस तपासतात. इथे सोसायटीच्या एकाच जागेवर दोन गाड्यांचे दाखले निघतील. जागेचा क्रमांक वाहन नोंदणीला जोडल्याशिवाय तो नुसता कागद आहे. आणि आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांचं काय? नवा नियम त्यांना लागूच होत नाही.

गल्लीनकाशा: म्हणूनच एक बाजू हा आत्ताचा उपाय आहे. सम-विषमचा आक्षेप मात्र रास्त. बाजू रोज नको, दर रविवारी सकाळी ८ला बदला. बदलायला तर हवीच, नाहीतर गाड्यांखालची गटारं झाडली जात नाहीत आणि पहिल्या पावसात तुंबतात.

कलम१२७: पाटी विसरू नका. मोटार वाहन कायद्यानुसार गाडी उचलता येते ती १० तास बेवारस राहिली तर, किंवा जिथे कायदेशीर मनाई आहे तिथे. रात्री ११ला लावून सकाळी ७ला काढलेली गाडी ८ तासच उभी असते. अधिसूचना आणि वेळ लिहिलेली पाटी नसेल तर टोइंगवाल्याने तिला हात लावायचा कशाच्या आधारावर?