जीन्समध्येच आहे म्हणून बीपीची गोळी सोडायची?

ओंजळ: काल इथे एकाने लिहिलं, "आजोबांना स्ट्रोक, वडिलांना स्ट्रोक, मलाही होणारच, जीन्सपुढे कसल्या गोळ्या." वाचून झोपच लागली नाही. आमचे बाबा हेच म्हणायचे. शर्टाची बटणं लावता लावता त्यांचा उजवा हात गळून पडला आणि बाबा त्या हाताकडे परक्याचा असल्यासारखे बघत राहिले. नंतर कपाटात बीपीच्या गोळ्यांच्या न फोडलेल्या स्ट्रिप्स सापडल्या. २०१६ चा इंटरस्ट्रोक अभ्यास बघा, ३२ देशांतला, बीपी, शुगर, सुटलेलं पोट, सिगारेट धरून दहा सुधारता येणाऱ्या कारणांवर सुमारे ९० टक्के स्ट्रोकचा भार जातो, त्यात बीपी सगळ्यात वर.

शिशिर: ते मीच लिहिलं. माझ्या बहिणीला ना बीपी ना शुगर, सिगारेट तर नाहीच, तरी ४२ व्या वर्षी स्ट्रोक. एमआरआयमध्ये पांढरे डागच डाग, टेस्टमध्ये नॉच३ जीन बिघडलेला, म्हणजे कॅडासिल, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार. आईवडिलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. तुमचे ९० टक्के तिला कोणत्या तोंडाने सांगू?

आडवाट: कॅडासिल दुर्मिळ आहे हो, त्यावरून सगळ्यांचं ठरवू नका. २०१८ मध्ये यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्याच्या माहितीसाठ्यातल्या तीन लाखांवर लोकांचे ९० जनुकीय फरक बघितले, जीन्स वाईट त्यांना धोका ३५ टक्के जास्त, सवयी वाईट त्यांना ६६ टक्के. पण जीन्सचा खरा घोळ औषधात आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही! क्लोपिडोग्रेल, म्हणजे गुठळी होऊ नये म्हणून देतात ती गोळी, लिव्हरमध्ये गेल्यावर सीवायपी२सी१९ एन्झाइममुळे कामाला लागते, ज्यांचं ते एन्झाइम कमजोर त्यांना गोळी पुरेशी लागूच पडत नाही. अमेरिकेत २०१० पासून औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा आहे. माझ्या नवऱ्याला ही गोळी चालू असताना तीन आठवड्यांत दुसरा स्ट्रोक आला, टेस्टचं नावही कोणी काढलं नव्हतं.

मैना: दुसरा आला म्हणजे जीनच, असं कसं? माझ्या आईचं अगदी असंच झालं आणि निघालं काय, तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित. गुठळी हृदयातून येत होती, औषधच वेगळं लागलं. उगाच लोकांना घाबरवू नका.

आडवाट: घाबरवतेय मी? नवऱ्याचं होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सलग नोंदवणारी टेस्ट, झालं, काही निघालं नाही. मग आम्हीच पदरचे पैसे घालून जीन टेस्ट केली, त्या एन्झाइमच्या जीनच्या दोन्ही कॉप्या कमजोर. तो आता डाव्या हाताने सही शिकतोय. तुमच्या आईचं उदाहरण माझ्या घरावर चिकटवू नका.

मैना: दोन्ही कॉप्या कमजोर हे आधी सांगायचं ना. मग औषध बदलायलाच हवं होतं, एवढं मान्य. सरसकट सगळ्यांची टेस्ट करा हे अजूनही पटत नाही.

आडवाट: सरसकट म्हणालेच नाहीये मी, वरचं नीट वाचा.

ओंजळ: शिशिर, बहिणीचं माहीत नव्हतं, तिथे माझा आकडा लागू नाही, मागे घेते. पण कॅडासिलमध्येसुद्धा सिगारेट ओढणाऱ्यांना स्ट्रोक लवकर येतो, बीपी चढलं की धोका वाढतो. तुम्ही स्वतःचं कधी मोजलंय?

शिशिर: दोन वर्षांत नाही. जीन टेस्ट करायची हिंमत होत नाही, मग बीपी तरी कशाला बघा असं झालं होतं. आत्ता शेजाऱ्यांच्या मशीनवर बघितलं, १५८/९६. म्हणून तुमचं सगळं पटलं असं समजू नका.

ओंजळ: नका पटवून घेऊ. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात छातीच्या उंचीला ठेवा आणि परत मोजा. पुन्हा तेवढंच आलं तर उद्या सकाळी डॉक्टरकडे जा, बहिणीचे रिपोर्ट सोबत न्या.